पेशवाईतल्या कागदांत 'कुणबीण' म्हणजे नक्की कोण?

जुने हिशेब वाचतेय, त्यात कुणबीण विकत घेतल्याची नोंद आहे, तीही किमतीसकट. कुणबी तर शेतकरी ना, मग त्यांच्या बायका विकत कशा काय?

प्रतिसाद १
इथे जात धरू नका. कुणबी हा शब्द बरेच अभ्यासक 'कुटुंबिन्'वरून आलाय असं मानतात, कुणबीण हे त्याचंच स्त्रीलिंग, पण त्या काळच्या दफ्तरात तिचा अर्थ सरळ गुलाम बाई. बटीक हा शब्दही त्याच अर्थाचा. दुष्काळात विकल्या गेलेल्या, लढाईत धरून आणलेल्या, आणि बदकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा, ठपका ठेवून सरकारने गुलाम केलेल्याही, ही शिक्षाच होती हो, वाचून अंगावर काटा येतो. सरकारी कुणबिणी किल्ल्यांवर, पागेत, कोठीत राबायच्या, खासगीतल्या घरी दळण-कांडण, सारवण.

प्रतिसाद २
आणि मुलीच्या लग्नात आंदण म्हणूनही द्यायचे! मालकापासून झालेल्या मुलांना लेकावळे म्हणत.

प्रश्नकर्ती
बापरे. हे बंद कधी झालं?

प्रतिसाद १
ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता गेली, पुढे १८६० च्या दंडसंहितेत माणूस विकणं-घेणं गुन्हा ठरला. तुमच्या नोंदीत बाईचं नाव, वय असेल तर प्लीज टाका, त्या बायकांचं तेवढंच उरलंय.