'द रेव्हन' आधी वर्तमानपत्रात

अमेरिकन कवी एडगर ॲलन पोची 'द रेव्हन' ही कविता १८४५च्या पुस्तकामुळे गाजली, असं कुणी म्हणेल. पण पुस्तक आलं नोव्हेंबरात. तोवर कविता गाजून चुकली होती. न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग मिरर'ने ती २९ जानेवारीलाच छापली, तीही 'अमेरिकन रिव्ह्यू' या मासिकाच्या फेब्रुवारी अंकातून, अंक बाहेर पडायच्या आत, रीतसर परवानगीने. गंमत म्हणजे मासिकात कवी 'क्वार्ल्स' या टोपणनावाआड, आणि 'मिरर'मध्ये थेट पो! कविता पसरवायचं पुढचं काम टपालाने केलं. तेव्हा वर्तमानपत्रांचे संपादक एकमेकांना टपालाने अंक फुकट पाठवू शकत. आवडलं की उचलून आपल्या पानात पुन्हा छापायचं. त्यामुळे कवितेचं जुनं कात्रण हाती आलं, तर ते कोणत्या पाठावरून उचललंय हे कळायला आधी अकराव्या कडव्याचा शेवट तपासा. तिथे 'डिस्पेअर' (निराशा) हा शब्द दिसला तर तो सुरुवातीचा पाठ. पोने त्या ओळी नंतर बदलल्या.