बाराबंदीतले पोर्ट्रेट, लाइट एकच: पांढरा कपडा बर्न होतोय, मदत हवी आहे

मंडळी, सोलापुरातून लिहितोय. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात आणि ते पेलणारे पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत (बंदांनी बांधायच्या पारंपरिक अंगरख्यात) असतात. मिरवणुकीचे फोटो दरवर्षी ढिगाने निघतात, पण काठी पेलणाऱ्याचा चेहरा त्यात हरवतो. आमच्या गल्लीतले काही काका-आजोबा बसायला तयार झालेत. प्रत्येकाचं एक पोर्ट्रेट काढून मोठी प्रिंट त्यांच्या घरी द्यायची आहे.

सामान म्हणजे एक स्पीडलाइट (छोटा सुटा फ्लॅश), तो दुरून उडवायचा ट्रिगर, स्टँड आणि उजेड मऊ करणारा ६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स. जागा घरातलीच, १० बाय १२ फुटांची खोली, भिंती आणि छत पांढरं. मागे काळा पडदा, माणूस त्याला जवळजवळ टेकून. लाइट ४५ अंशांवर, डोळ्यांच्या जरासा वर, ३ फुटांवर. शटर १/१६०, एफ/८, आयएसओ १००. फ्लॅश बंद ठेवला की फ्रेम पूर्ण काळी येते, म्हणजे खोलीतल्या ट्यूबचा उजेड मध्ये येत नाही.

सावळा चेहरा नीट उजळला की छातीवरचा कपडा पार बर्न होतो, म्हणजे नुसता पांढराफट्ट येतो, चुण्या आणि बंद दिसतच नाहीत. कपडा सांभाळावा तर चेहरा अंधारात. शिवाय रेम्ब्राँ लायटिंगचा त्रिकोण, म्हणजे सावलीतल्या गालावर डोळ्याखाली पडणारा उजेडाचा तुकडा, येत नाही, उजेड परतवणारा रिफ्लेक्टर लावलेला नसतानाही सावलीची बाजू सपाट दिसते. पडदा राखाडी येतो. चष्म्यात सॉफ्टबॉक्स दिसतो ते वेगळंच.

दुसरा लाइट घेण्याचा सल्ला कृपया नको. एका बाजूने येणाऱ्या उजेडात म्हाताऱ्या चेहऱ्याच्या सुरकुत्या जशा बोलतात, तसंच मला हवंय.

प्रतिसाद

काम फार मोलाचं आहे, नक्की पूर्ण करा.

रिफ्लेक्टर तुम्ही लावला नाहीत, पण पांढरी भिंत तेच काम करतेय. सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या अगदी कडेला काळी चादर टांगा. लाइटही अजून वर घ्या. नाकाची सावली खाली उतरून गालाच्या सावलीला मिळाली की त्रिकोण आपोआप बनतो.

माणसाला पडद्यापासून ६ फूट पुढे आणा. मग लाइटपासून चेहरा ३ फूट, पडदा साधारण ९ फूट. अंतर तिप्पट झालं की उजेड नवव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्तच कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पडदा काळा होईल. कॅमेरा दारात न्यावा लागला तरी हरकत नाही.

आता कपडा, खरं दुखणं तेच. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यावर सरळ रोखू नका. थोडा वर आणि माणसाच्या पुढच्या बाजूला फिरवा, चेहऱ्याला त्याच्या कडेचा उजेड मिळू द्या. सॉफ्टबॉक्सच्या खालच्या कडेला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी लावली की छातीवरचा उजेड आणखी उतरतो. पट्टी लाइटजवळच ठेवा, नाहीतर तिची कड कपड्यावर दिसेल. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, जास्त उजळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारा हायलाइट अलर्ट चालू ठेवा आणि कपडा लुकलुकायचा थांबेल तिथे पॉवर ठरवा. चेहरा नंतर थोडा उचलता येतो; कपड्यातला गेलेला तपशील परत येत नाही. हनुवटीखाली थर्माकोल धरायची गरज नाही, बाराबंदीच खालून उजेड परतवते.

चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचला, काच खाली झुकते. बऱ्याच स्पीडलाइटना मॉडेलिंग लॅम्प (उजेड कुठे पडेल ते आधी दाखवणारा सतत चालू दिवा) नसतो, म्हणून सॉफ्टबॉक्सच्या जागी मोबाइलचा टॉर्च धरून काचेत दिसतो का ते कॅमेऱ्याच्या जागेवरून आधीच बघून घ्या.