मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धातली मराठी भित्तिपत्रकं

नमस्कार मंडळी. पहिल्या महायुद्धातल्या प्रचारचित्रांवर शाळेतल्या मुलांसाठी छोटं प्रदर्शन करतेय. ब्रिटन-अमेरिकेची चित्रं सहज मिळाली. आल्फ्रेड लीटचा १९१४ चा बोट रोखणारा ब्रिटिश युद्धमंत्री किचनर आणि त्याच धर्तीवर जेम्स माँटगोमेरी फ्लॅगने काढलेला अंकल सॅम, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिका, शेजारी शेजारी लावणार आहे (फ्लॅगने चेहरा स्वतःचाच वापरला होता!). सॅव्हिल लम्लीचं १९१५ चं चित्र मात्र मला फार अस्वस्थ करतं. मांडीवरची मुलगी विचारते, बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलं? आणि बापाची नजर थेट आपल्याकडे. ब्रिटनमध्ये सक्तीची भरती १९१६ मध्ये आली; तोवर माणसाला लाजवणं हे मोठं हत्यार होतं.

अडलंय ते आपल्याकडचं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या, तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या. १९१७ मध्ये इथे युद्धकर्जही उभारलं गेलं. तेव्हाची भरतीची किंवा युद्धकर्जाची मराठी भित्तिपत्रकं कुणी पाहिली आहेत का? साताऱ्याकडे, रत्नागिरीकडे एखाद्या घरी, जुन्या वाचनालयात? मोबाइलवरचा फोटोही चालेल. फक्त खाली छापखान्याचं नाव असेल तर तेही फोटोत येऊ द्या.