१२,००० पौंडांच्या कॅम्परसाठी एफ-२५० की एफ-३५०?

फिफ्थ व्हील (ट्रकच्या मागच्या हौद्यात, म्हणजे बेडमध्ये जोडून ओढायचा कॅम्पर) भरून १२,००० पौंड होणार, फोर्डचा एफ-२५० डिझेल पिकअप पुरेल का, असं विचारलंय तुम्ही. ओढायला पुरेल हो, अडेल ते पेलोडवर, म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर किती वजन पेलू शकतो त्यावर. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार थेट ट्रकच्या बेडवर येतो. २० टक्के धरले तरी २,४०० पौंड झाले. वर हिच (कॅम्पर जोडायचा सांगाडा), तुम्ही चौघं, सामान. डीलरकडे गेलात की आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचा. त्यावरचा पेलोडचा आकडा त्याच ट्रकचा असतो, ब्रोशरमधला सगळ्यात हलक्या मॉडेलचा. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पेलोड आणखी घटतो. म्हणून मी तरी जास्त पेलोडचा एफ-३५०च घेईन, पण मागे एकेरी चाकांचा. ड्युअली (मागे जोडचाकांचा ट्रक) म्हणजे पार्किंगला नुसता ताप.

कोलोराडोत आय-७० महामार्गावरून जाणार असाल तर मात्र डिझेल सोडू नका. त्या रस्त्यावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन तिथे दमतं. आणि उतारावर डिझेलच्या एक्झॉस्ट ब्रेकची (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणाऱ्या ब्रेकची) किंमत कळते.

१२,००० हा आकडा कॅटलॉगमधला असेल तर पाणी, गॅस, सामान (कुकर आणि तांदळासकट!) भरून ट्रक स्टॉपच्या काट्यावर एकदा तोलून घ्या.