भिंत घातली तरी पाणी ओढ्यातनं येणारच

कृष्णाकाठचा: परवा मळेकरांनी लिहिलं की पलूस तालुक्यातल्या आपल्या गावाला घाटापासनं स्मशानभूमीपर्यंत काँक्रीटची उंच भिंत घातली की २०१९ चा कृष्णेचा महापूर परत येणार नाही. त्यावर सगळ्यांनी 'बरोबर, बरोबर' केलं. मला राहवलं नाही. पाणी घाटावरनं येतं का वो? आधी ओढ्यातनं येतं. नदी फुगली की ओढा उलटा फिरतो आणि बाजारपेठेच्या पाठीमागनं शिरतो. भिंत घातली तर ओढ्याच्या तोंडाला दरवाजे आले. दरवाजे लावले की गावावर पडलेला पाऊस आतच कोंडणार, तो उपसायला पंप लागणार, आणि पुरात पहिल्यांदा वीज जाते. गावनकाशात ओढा किती रुंद आहे बघा आणि आज किती उरलाय बघा. दोन्ही अंगानं ऊस रेटलाय, वर गाळे. भिंतीचा पैसा ओढा मोकळा करायला घाला, निळ्या रेषेत, म्हणजे वारंवार पूर येणाऱ्या पट्ट्यात, नवीन बांधकाम होऊ देऊ नका.

मळेकर: तुमचं घर उंचावर आहे, दादा. आमचं दुकान २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा बुडालं. २०१९ ला सानुग्रह अनुदान मिळालं १०,००० रुपये. भिजलेली साखरेची पोती टाकून द्यायला ट्रॅक्टर लागला, त्याचं भाडं कोण देणार? निळ्या रेषेत आमचं आजोबांपासनं घर आहे. वर मजला चढवायला परवानगी नाही, विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही. आम्ही भिंत मागायची नाही तर काय मागायचं?

पैलतीर: भिंत आणि ओढा दोन्ही सोडा. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी अडवलं की आपण बुडतो, शेंबडं पोरगंही सांगेल.

निवृत्त पाटबंधारे: पुराची कारणं तपासायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीला दिलेला नाही. त्या ऑगस्टात कोयना, वारणा, पंचगंगा तिन्ही खोऱ्यांत एकदम पाऊस कोसळला. एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, पाणी चोवीस तास वाहिलं तर साडेआठ टीएमसी, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट होतं. खाली हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा तुडुंब असताना वरचं पाणी जाणार कुठं? सांगलीच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ वर.

पैलतीर: समिती तुमच्याच खात्यातल्या माणसांची! खालच्या अंगाच्या शिरोळला पाणी दिवसेंदिवस का उतरत नाही ते सांगा. त्यात कर्नाटकला अलमट्टी ५१९.६० वरनं ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. तेव्हाही अहवालच वाचून दाखवणार का?

निवृत्त पाटबंधारे: आवाज चढवू नका. उंची वाढवायला माझाही विरोध आहे, तेवढं तुमचं मान्य. पण अलमट्टीचं नाव घेतलं की आपल्या पुलांचे भराव आणि पात्रातली अतिक्रमणं सुटतात. म्हणून तर पुढाऱ्यांना अलमट्टी आवडते.

पैलतीर: मला पुढाऱ्यांच्या पंगतीत बसवू नका. माझी सोयाबीन तिन्ही वेळा कुजली आहे.

ब्रह्मनाळची लेक: तुमचे फूट आणि टीएमसी चालू द्या. ८ ऑगस्ट २०१९ ला माझ्या माहेरी नाव उलटली. बायका गेल्या, लेकरं गेली. माणसं इतक्या उशिरा का निघाली हे एकानं तरी विचारलं का? माझी सासू दावणीच्या म्हशी सोडून निघायला तयार नव्हती. शाळेत माणसांची सोय होते, म्हशी कुठं बांधायच्या? आयर्विनला पाणी चाळीस फुटांवर यायच्या आत जनावरांची छावणी आणि वैरण तयार ठेवा, घरं आपोआप रिकामी होतील. भिंत झाली तर उलट माणसं तिच्या भरवशावर आणखी उशिरा निघतील.

मळेकर: ताई, जनावरांचं तुमचं खरं आहे. ओढ्याचंही असेल. मोजणी लावा, हवं तर माझ्या गाळ्यापासनं सुरू करा. पण ती वरच्या अंगाच्या बड्यांच्या उसापर्यंत पोचणार असेल तरच. नाहीतर गरिबाचा गाळा पडणार आणि ऊस तसाच उभा राहणार.

कृष्णाकाठचा: ग्रामसभेत मोजणीचा अर्ज मी देतो. पहिली सही तुमची घेणार.

पैलतीर: अलमट्टीचा ठराव त्याच सभेत घ्या. नाहीतर माझी सही मिळणार नाही.