लेकीच्या रक्तात शिसं १९ आलंय, जुन्या वाड्याचा रंग खरवडला होता. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डोकं चालत नाहीये म्हणून इथे लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

साताऱ्यात सासरचा जुना वाडा आहे, गणपतीआधी खालच्या खोल्यांचं रंगकाम काढलं. खिडक्यांवर ऑइलपेंटचे किती थर होते देव जाणे, वर हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली शेंदरी. पेंटरने पट्टीने खरवडून मग पॉलिश पेपर मारला, सुकाच, दोन दिवस घरभर बारीक पूड, डब्यांच्या झाकणावर बोट फिरवलं की पिठासारखी लागायची आणि मी केरसुणीने झाडत राहिले. लेक अडीच वर्षांची, खिडकीच्या चौकटीला तोंड लावून रस्ता बघत उभी असते, पडलेले पोपडे तिच्या तोंडातून मी दोनदा बोट घालून काढलेत.

नंतर पोट दुखतं म्हणून रडायला लागली, तीन तीन दिवस शी नाही, नुसती चिडचिड. आम्हाला वाटलं जंत झाले. हिमोग्लोबिन ८.४ आलं, आयर्नचं औषध महिनाभर देऊनही हलेना तेव्हा डॉक्टरांनी शिशाची टेस्ट सांगितली, १९ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर. मला शिसं म्हटलं की पेट्रोल एवढंच माहीत, आणि शिसं घातलेलं पेट्रोल तर २००० सालीच बंद झालं ना.

डॉक्टर म्हणतात आत्ता औषध नको, घरातलं शिसं घालवा. म्हणजे नक्की काय करू? तिसरी खोली अर्धी खरवडलेली पडलीय. सासूबाई म्हणतात आमची चार पोरं याच खिडकीत वाढली, पण तेव्हा कुणाचं रक्त तपासलं होतं? पितळी पातेल्यांना दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याकडून कल्हई करतो, देवघरात मारुतीला शेंदूर असतो, त्यातूनही जात असेल का? आणि जाऊबाईंना पाचवा महिना आहे, त्याच घरात. मला रात्री झोप नाही.

प्रतिसाद १
ताई, मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. डॉक्टर बरोबर सांगतायत, शिसं बाहेर काढायचं औषध साधारण ४५ च्या पुढे देतात, पण ५ च्या वर आलं की कुठून येतंय ते शोधून थांबवायचंच. रक्त बोटातून घेतलं असेल तर शिरेतून घेऊन परत करा, बोटाला धूळ असली की आकडा वाढून येतो. केरसुणी आजपासून बंद, साबणाच्या पाण्याचं ओलं फडकं, फडकं टाकून द्यायचं, आणि सफाई चालू असताना मुलगी आणि जाऊबाई दोघीही घरात नकोत. जाऊबाईंची पण टेस्ट करा, शिसं कॅल्शियमसारखं हाडात जाऊन बसतं आणि गरोदरपणात तिथून सुटून बाळापर्यंत पोचतं. मुलीला उपाशी ठेवू नका, आयर्न आणि कॅल्शियम कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं. नाचणी, दूध, पालेभाजी, लिंबू चालू द्या. जेवायच्या आधी हात धुवा, खेळणी पण धुवा.

प्रतिसाद २
अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड, तो पोरीच्या हाताला लागेल असा ठेवू नका. कल्हई शुद्ध कथलाची असेल तर ठीक, पण स्वस्तात करणारे शिसं मिसळतात, तोवर स्टील वापरा. घरगुती रंगात ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर शिसं नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासूनचा, तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. पोपड्याचा तुकडा सगळ्या थरांसकट प्लास्टिक पिशवीत घालून एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबला द्या.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. रक्त बोटातूनच घेतलं होतं, उद्या शिरेतून देतोय, जाऊबाईंचंही. लेकीला घेऊन मी माहेरी आलेय, जाऊबाई पण सोबत आल्यात, तिसऱ्या खोलीला कुलूप घातलंय. येताना सासूबाईंनी स्वतःहून शेंदराची डबी वरच्या फळीवर ठेवली. आता एकच विचारायचंय, ती खिडकी आणि चौकट अख्खी काढून टाकायची, का जुना रंग न खरवडता वरून नवा मारला तर चालेल? खिडकी उघडताना लाकूड लाकडाला घासतं, तिथून रोज पूड पडते.