वेस्टर्न ग्रिपवर सरकलेल्या मुलांना परत आणायचं का?

बेसलाइन_कोच:
मी ८ ते १० वर्षांच्या मुलांना टेनिस शिकवतो, त्यातली काही फोरहँडला हळूहळू पार वेस्टर्न ग्रिपवर (तळहात हँडलच्या खाली जाणारी पकड) गेलीयेत. उंच बॉल झकास मारतात, टॉपस्पिनही (बॉलला पुढच्या दिशेने फिरकी) येतो, पण बॉल गुडघ्याखाली आला की थेट नेटमध्ये. पालक म्हणतात टीव्हीवर सगळे असंच पकडतात. आत्ताच बदलू का राहू देऊ? आणि अगदी नवीन मुलाला कुठून सुरू करायचं?

टॉपस्पिन_ताई:
आधी सांगा बॉल कुठला वापरताय? यलो (मोठ्यांचा नेहमीचा बॉल) असेल तर ग्रिपला हात लावूच नका, आधी बॉल बदला. त्या वयाच्या मुलाला यलो बॉलचा टप्पा खांद्याच्या वर जातो, तिथे रॅकेटचं तोंड सरळ ठेवायला हात आपोआप हँडलखाली सरकतो, म्हणजे मूल चुकत नाहीये, बॉलला उत्तर देतंय. मुलांसाठीचे मऊ बॉल घ्या: ग्रीन बॉल यलोपेक्षा साधारण २५ टक्के हळू, ऑरेंज ५० टक्के, आणि टप्पाही कमी. आयटीएफने (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) २०१२ पासून १० वर्षांखालच्या स्पर्धांत यलो बॉल बंद केलाय. बॉल कमरेपाशी यायला लागला की निम्मी मुलं न सांगता परत येतात बघा.

नेटजवळचा:
ताईंशी सहमत. नवीन मुलासाठी माझी पद्धत सांगतो. हँडलला आठ बाजू असतात, रॅकेट कडेवर उभी धरली की वरची १ नंबर, उजव्या हाताच्या मुलाने स्वतःकडून बघत घड्याळाच्या दिशेने मोजायचं, डावखुऱ्याने उलट. तर्जनीच्या मुळाचा सांधा ३ वर म्हणजे ईस्टर्न, ४ वर सेमी-वेस्टर्न, ५ वर वेस्टर्न. मी ३ ला सुरू करतो आणि ४ कडे गेलं तर जाऊ देतो, ५ दिसला की मात्र लक्ष घालतो. पालकांना सांगा की फेडररची ग्रिप ईस्टर्नच्या जवळची होती, नदालची सेमी-वेस्टर्न, म्हणजे टीव्हीवरही सगळे एकसारखं पकडत नाहीत.

बेसलाइन_कोच:
यलोच वापरतोय, उद्यापासून ग्रीन. पण एका मुलीची ग्रिप बदलून बघितली तर सगळे बॉल लांब जायला लागले आणि ती रडकुंडीला आली.

टॉपस्पिन_ताई:
ते होणारच हो, कारण स्विंग जुनाच राहिला. वेस्टर्नमध्ये तोंड आपसूक बंद (जमिनीकडे झुकलेलं) असतं आणि बॉल शरीराच्या बराच पुढे भेटतो, सेमी-वेस्टर्नला त्याच जागी तसाच मारला तर तोंड उघडं (वर वळलेलं) राहतं आणि बॉल उडतो. म्हणून नुसती ग्रिप नको, बॉल भेटायची जागाही थोडी मागे आणा. जवळ उभं राहून हाताने कमरेच्या उंचीचे बॉल टाका, लाइनकडे बघूच देऊ नका, आणि प्रत्येक शॉटनंतर दुसरा हात रॅकेटच्या गळ्यावर यायलाच हवा, ग्रिप तोच हात फिरवतो. मॅच तोंडावर असेल तर आत्ता सुरू करू नका, मध्ये मोकळे आठवडे मिळतील तेव्हाच घ्या, नाहीतर पहिल्या ब्रेकपॉइंटला (सर्व्हिस गेम जाऊ शकतो असा दडपणाचा पॉइंट) ती जुन्यावरच जाईल.